उपचार आधी की शिक्षण आधी? मानवी तस्करीतून सुटलेल्यांसाठी संस्था उभारताना

आपण विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. मानवी तस्करीतून सुटलेल्या व्यक्तींसाठी आपण आणि आपले काही सहकारी एक सेवाभावी संस्था सुरू करत आहात, तीन वर्षांपुरता निधी हाती आहे, आणि पहिले वर्ष केवळ वैद्यकीय उपचार व समुपदेशन यांना देऊन, मन स्थिरावल्याची खात्री झाल्यावर दुसऱ्या वर्षापासून शिक्षण सुरू करायचे, असा आराखडा तुम्ही आखला आहे. हा क्रम योग्य आहे का? या क्षेत्रात डॉक्टर म्हणून वीस वर्षांहून अधिक काळ काम केल्यानंतर माझे स्पष्ट मत असे झाले आहे की हा क्रम ठेवू नये. दोन्ही कामे पहिल्या महिन्यापासून एकत्र सुरू करावीत आणि एकाच नियोजनाखाली चालवावीत. कारणे सविस्तर सांगते, कारण असा आराखडा चांगल्या हेतूनेच आखला जातो आणि सुरुवातीच्या वर्षांत मी स्वतःही तो आखला होता.

प्रथम, आपण कोणासाठी काम करणार आहोत हे स्पष्ट असावे. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने नोव्हेंबर २००० मध्ये स्वीकारलेल्या आणि डिसेंबर २००३ पासून अमलात आलेल्या पालेर्मो प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे मानवी तस्करीविरोधी आंतरराष्ट्रीय करारात, तस्करीची व्याख्या तीन घटकांनी केलेली आहे: व्यक्तीला कामावर लावणे, नेणे, ठेवून घेणे किंवा ताब्यात घेणे ही कृती, बळजबरी, फसवणूक, अपहरण किंवा तिच्या अगतिकतेचा गैरफायदा ही साधने, आणि शोषण हा हेतू. व्यक्ती अठरा वर्षांखालील असेल तर साधन कोणते वापरले हे पाहण्याची गरजच उरत नाही, आणि प्रौढ व्यक्तीच्या बाबतीतही अशी साधने वापरली गेली असतील तर तिची संमती होती हा बचाव टिकत नाही. शोषणात लैंगिक शोषण येते, तसेच सक्तीची मजुरी, गुलामी आणि अवयव काढून घेणे हेही येते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार २०२१ साली जगात २ कोटी ७६ लाख लोक सक्तीच्या श्रमात अडकलेले होते आणि त्यांपैकी ६३ लाख लोक व्यावसायिक लैंगिक शोषणात होते. सक्तीचे श्रम आणि तस्करी या दोन संज्ञा तंतोतंत सारख्या नाहीत, तरीही या आकड्यांवरून एक गोष्ट लक्षात येते: केवळ तरुण स्त्रिया आणि केवळ लैंगिक शोषण डोळ्यांसमोर ठेवून दवाखाना उभा केला, तर शेतात, खाणीत, मासेमारीच्या बोटीवर, बांधकामावर आणि लोकांच्या घरांत राबवले गेलेले स्त्री-पुरुष तुमच्या दारातूनच परत जातील.

त्याच प्रोटोकॉलच्या सहाव्या कलमात निवारा, समुपदेशन, वैद्यकीय व मानसिक मदत, रोजगार, शिक्षण आणि प्रशिक्षण यांचा उल्लेख एकाच ठिकाणी आहे. मात्र तेथील शब्दरचना सदस्य देशांनी अशा उपाययोजनांचा विचार करावा इतकीच आहे. गुन्हेगाराला शिक्षा करण्याबाबत देशांवर जितके ठाम बंधन आहे, तितके ते सुटलेल्या माणसाला उभे करण्याबाबत नाही. ही पोकळी भरण्याचे काम जगभर बहुतांशी तुमच्यासारख्या संस्थांकडे आले आहे. युरोप परिषदेच्या २००५ च्या करारात हे बंधन अधिक ठोस झाले: पीडित व्यक्तीला सावरण्यासाठी आणि विचार करण्यासाठी किमान ३० दिवसांचा अवधी मिळावा, आणि तिला दिली जाणारी मदत ती साक्ष देण्यास तयार आहे की नाही यावर अवलंबून ठेवू नये, अशा तरतुदी त्यात आल्या. तुमच्या देशात हा करार लागू असो वा नसो, दुसरी तरतूद तुमच्या संस्थेच्या नियमावलीत पहिल्याच पानावर असायला हवी. तपास यंत्रणेला सहकार्य केले तरच औषध, जबाब दिला तरच शाळा, असा अर्थ कोणाच्याही वागण्यातून निघाला, तर ज्या व्यवहारातून ती व्यक्ती नुकतीच सुटली त्याच प्रकारचा व्यवहार आपण तिच्याशी पुन्हा सुरू केला असे होते.

आता आरोग्याकडे येते. पहिल्या काही दिवसांत काही गोष्टी खरोखरच घड्याळाशी बांधलेल्या असतात. अलीकडे लैंगिक अत्याचार झाला असेल तर एचआयव्हीचा संसर्ग टाळण्यासाठीची औषधे ७२ तासांच्या आत सुरू करून २८ दिवस घ्यावी लागतात, आणि तातडीच्या गर्भनिरोधकासाठी पाच दिवसांची मर्यादा असते. हिपॅटायटिस बी आणि धनुर्वात यांच्या लसी, जखमांची काळजी, गर्भधारणेची तपासणी, क्षयरोगाची लक्षणे आहेत का हे पाहणे, ही कामे थांबवून ठेवता येत नाहीत. मात्र निकड असली म्हणून संमतीला फाटा देता येत नाही. माझ्या सुरुवातीच्या काळात ज्या निवारागृहात मी काम केले, तेथे येणाऱ्या प्रत्येक मुलीची पहिल्याच दिवशी संपूर्ण शारीरिक तपासणी होत असे, कारण अर्जातील सर्व रकाने भरलेले असणे हा तेथील नियम होता. त्यांपैकी अनेकजणी पुढे कित्येक आठवडे तपासणीच्या खोलीकडे फिरकल्या नाहीत. आज मी पहिल्या भेटीत जे तातडीचे नाही ते काहीही करत नाही. कोणती तपासणी कशासाठी आहे हे तिच्या भाषेत सांगते, नको म्हटले तरी बाकीची मदत चालूच राहील हे सांगते, खोलीत कोण थांबावे हे तिला ठरवू देते, आणि मधेच थांबायचे असेल तर हात वर करायला सांगते. एवढ्याने वेळ वाढतो, पण पुढच्या भेटी होतात.

दुभाष्याबद्दल येथेच सांगून टाकते. सोबत आलेला नातेवाईक, ओळखीचा माणूस किंवा त्याच टोळीतून सुटलेली दुसरी व्यक्ती यांना दुभाषी म्हणून कधीही वापरू नये. कोण कोणाला काय कळवेल याचा अंदाज सुरुवातीला कोणालाच नसतो. गाव किंवा समाज लहान असेल आणि सगळे एकमेकांना ओळखत असतील, तर दूर राहणारा दुभाषी फोनवरून घेणे अधिक सुरक्षित ठरते.

लैंगिक शोषण झालेल्यांच्या गरजांची चर्चा होते, म्हणून मी मजुरीसाठी नेल्या गेलेल्यांच्या शरीराबद्दल थोडे अधिक लिहिते. दगड फोडण्याच्या आणि घासण्याच्या कामात राबलेल्या माणसाच्या फुफ्फुसांत सिलिकाची धूळ साचून सिलिकोसिस झालेला असू शकतो, आणि अशा फुफ्फुसांना क्षयरोगाचा धोकाही वाढतो. म्हणून केवळ खोकल्याचे औषध देऊन त्याला परत पाठवणे चूक आहे. शेतावर राबलेल्यांना कीटकनाशकांची बाधा झालेली असते. अपुऱ्या उजेडात बारीक काम केलेल्यांचे डोळे शिणलेले असतात, यंत्रांच्या गोंगाटात राहिलेल्यांना कमी ऐकू येते, आणि घरकामात डांबून ठेवलेल्यांच्या अंगावर भाजल्याच्या खुणा आणि दीर्घ कुपोषणाची लक्षणे आढळतात. मूत्रपिंड काढून घेतले गेले असेल, तर त्या व्यक्तीचा रक्तदाब, रक्तातील क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम कसे चालले आहे हे दाखवणारा घटक) आणि लघवीतील प्रथिने वर्षातून एकदा तरी आयुष्यभर तपासावी लागतात, आणि हे तिला कोणी सांगितलेलेच नसते. दातांकडे तर संस्थांचे जवळजवळ नेहमीच दुर्लक्ष होते. वर्षानुवर्षे दुखणारे दात आणि मारहाणीत तुटलेले पुढचे दात यांमुळे माणूस नीट जेवत नाही, झोपत नाही आणि हाताने तोंड झाकून बोलतो. तुमच्या अंदाजपत्रकात दंतवैद्यासाठी तरतूद नसेल तर ती आधी करा.

मनाच्या आघाताबद्दल लंडन स्कूल ऑफ हायजीन अँड ट्रॉपिकल मेडिसिनच्या संशोधकांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास या विषयात काम करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असायला हवा. युरोपातील मदत केंद्रांत आलेल्या २०७ स्त्रिया आणि किशोरवयीन मुली यांच्याशी बोलून तो केला गेला. त्यांपैकी ९५ टक्के जणींनी शोषणाच्या काळात शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसली होती. डोकेदुखी, थकवा, चक्कर, पाठदुखी आणि गोष्टी लक्षात न राहणे या त्यांच्या प्रमुख तक्रारी होत्या. शरीराच्या पुष्कळशा तक्रारी तुलनेने लवकर कमी झाल्या. मानसिक लक्षणे मात्र सुमारे तीन महिने होईपर्यंत फारशी उतरली नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत, जी जानेवारी २०२२ पासून लागू झाली, पीटीएसडी (तीव्र आघातानंतर जडणारा मानसिक विकार) याच्या जोडीला गुंतागुंतीचा पीटीएसडी हे स्वतंत्र निदान आले. दीर्घकाळ आणि सुटकेचा मार्ग नसलेल्या छळातून गेलेल्या माणसांत दिसणारी तीन आणखी लक्षणे त्यात धरली जातात: भावनांवर ताबा न राहणे, स्वतःबद्दल खोलवर रुजलेली हीनभावना, आणि माणसांशी नाते टिकवण्यातली अडचण. तस्करीतून सुटलेल्यांमध्ये हे चित्र मी वारंवार पाहिले आहे.

या माहितीवरूनच आधी मन स्थिर होऊ द्या आणि मग शिकवा, असा निष्कर्ष काढला जातो, आणि तेथेच गफलत होते. मन स्थिर होण्याची वाट पाहत असताना ती व्यक्ती दिवसभर काय करते, हा प्रश्न आराखड्यात कोणी विचारलेला नसतो. आठवड्यातून एक तास समुपदेशन आणि उरलेले सगळे तास निवारागृहाच्या खोलीत, असा तिचा दिवस असतो. शोषणाच्या काळात दिवस कसा घालवायचा हे दुसऱ्या कोणीतरी ठरवलेले असते, आणि आता तो रिकामा असतो. त्या रिकामेपणात आठवणी वर येतात, झोपेचे चक्र उलटे होते, घरी पैसे पाठवता येत नाहीत ही टोचणी वाढते, आणि जुन्या ओळखीतून आलेला एखादा फोन सुटकेचा मार्ग वाटू लागतो. पहिल्या चार-पाच महिन्यांत निवारागृह सोडून गेलेल्या अनेकांशी मी नंतर बोलले आहे. तेथे त्रास होता असे फार थोड्यांनी सांगितले. बहुतेकांचे म्हणणे एकच होते: तिथे बसून काय करायचे?

याउलट रोज ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी, अर्धा तास का होईना, काहीतरी शिकणे हे मन सावरण्याच्या कामाचाच भाग आहे. आघातातून जाणाऱ्या मनाला पुढे काय होणार हे आधी कळण्याची अतोनात गरज असते, आणि वर्गाचे वेळापत्रक ती गरज भागवते. शिवाय शिकताना माणूस पीडित म्हणून बसलेला नसतो. समुपदेशकासमोर तिला आपल्यावर काय ओढवले ते बोलावे लागते. फळ्यासमोर ती केवळ शिकणारी असते. हा फरक मला एका मुलीने शिकवला. समुपदेशनात अनेक आठवडे एक शब्दही न बोललेली ती मुलगी नकाशाच्या तासाला उभी राहिली आणि आपल्याला कोणत्या दिशेने नेले गेले हे तिने बोटाने दाखवले. त्यानंतरच ती समुपदेशकाशी बोलू लागली. हे नियोजनाने घडवून आणता येत नाही, पण ते घडायला वर्ग अस्तित्वात असावा लागतो.

हे करताना शिक्षकाला आघाताची लक्षणे ओळखता आली पाहिजेत. धडा चालू असताना नजर शून्यात जाणे, नाव घेऊनही प्रतिसाद न येणे, काल शिकलेले आज अजिबात न आठवणे, दार आपटल्यावर दचकून वर्गाबाहेर पळणे, या गोष्टींना सामान्य शाळेत आळस किंवा उद्धटपणा म्हटले जाते. तुमच्या शिक्षकाने विद्यार्थिनीला दाराजवळची, पाठीमागे भिंत असलेली जागा निवडू द्यावी, पाठीमागून जाऊन खांद्यावर हात ठेवू नये, तास वीस-पंचवीस मिनिटांचे ठेवावेत, आणि एकच गोष्ट अनेक दिवस पुन्हा शिकवण्याची तयारी ठेवावी. शिक्षकाने तिच्या भूतकाळाची चौकशी करू नये. निबंधासाठी माझे बालपण किंवा माझे कुटुंब हे विषयही देऊ नयेत. पहिल्याच दिवशी घडलेले सगळे सांगायला लावल्याने मन मोकळे होते हा समज डॉक्टरांतही आहे. जागतिक आरोग्य संघटना अशा एकाच बैठकीतील सक्तीच्या उजळणीची शिफारस करत नाही. आठवणींवरचे उपचार करायचे असतात, पण प्रशिक्षित व्यक्तीने, योग्य वेळी आणि तिच्या संमतीने.

आता दोन्ही कामे एकाच नियोजनाखाली का हवीत ते सांगते. शिक्षक मला येऊन सांगत असत की अमुक विद्यार्थी हुशार आहे पण अभ्यासात मन नाही. मी तपासणी केली की कोणाला दूरचे दिसत नसे, कोणाला एका कानाने ऐकू येत नसे कारण त्या बाजूच्या थोबाडीत वर्षानुवर्षे मारले गेले होते, कोणाचे हिमोग्लोबिन इतके खाली असे की दुपारी बसवत नसे, आणि काहींना डोक्याला मार बसल्यामुळे स्मरणशक्तीचा त्रास होत असे. प्रवेशाच्या वेळी केलेली दृष्टीची व श्रवणाची तपासणी, रक्ताची एक साधी चाचणी आणि डोक्याच्या जुन्या जखमेची चौकशी, एवढ्या गोष्टींनी निम्म्या तक्रारी उघड होतात. चष्मा मिळाल्यावर महिनाभरात वाचू लागलेली प्रौढ माणसे मी पाहिली आहेत, आणि त्याआधी आपण मठ्ठ आहोत असे ती स्वतःविषयी मानत होती हेही त्यांच्याकडून ऐकले आहे.

उलट दिशेनेही हेच घडते. ज्याला गोळ्यांच्या पाकिटावरचे वाचता येत नाही, ज्याला तारीख आणि घड्याळ नीट कळत नाही, त्याला क्षयरोगाचे सहा महिन्यांचे किंवा एचआयव्हीचे आयुष्यभराचे औषध वेळेवर घेणे अवघड जाते. आमच्या साक्षरतेच्या पहिल्या पाठांत म्हणूनच दिवसांची नावे, घड्याळ, सकाळ-संध्याकाळ, जेवणाआधी आणि जेवणानंतर हे शब्द असत, आणि वाचायला औषधांची पाकिटे व दवाखान्याची चिठ्ठी. शरीराच्या अवयवांची नावे, मासिक पाळी, गर्भधारणा आणि संसर्ग यांची माहितीही वर्गातच दिली जाई. ज्यांच्या शरीरावर इतरांनी हक्क गाजवला त्यांपैकी अनेकांना त्या शरीराबद्दल कोणीही कधी काही शिकवलेले नसते.

गणिताचा एक अनुभव मी विसरू शकत नाही. उचल घेऊन कामाला लावलेला आणि अनेक वर्षे राबवलेला एक माणूस आमच्याकडे वजाबाकी शिकत होता. एके दिवशी त्याने स्वतःहून आपल्या उचलीचा हिशेब मांडला. ठरलेली मजुरी, खाण्यापिण्यापोटी कापलेली रक्कम आणि महिने हे सगळे त्याला पाठ होते. फक्त मांडता येत नव्हते. आपले कर्ज दुसऱ्याच वर्षी फिटले होते हे त्याला त्या कागदावर दिसले. तो बराच वेळ गप्प बसून राहिला आणि नंतर तो कागद घडी करून खिशात ठेवला. पुढे वकिलाने तोच हिशेब थकीत मजुरीच्या दाव्यात वापरला. म्हणून प्रौढांच्या वर्गात टक्केवारी, व्याज, मजुरीचा हिशेब, करार वाचणे आणि स्वतःची सही करण्याआधी प्रश्न विचारणे, हे विषय मी अक्षरओळखीइतकेच आवश्यक मानते.

मुलांचे शिक्षण हा वेगळा विषय आहे. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला पहिलीच्या वर्गात बसवले तर तो आठवड्यात पळून जातो. त्याच्यासाठी वयाने मोठ्या झालेल्या मुलांना डोळ्यांपुढे ठेवून आखलेला, दोन-तीन इयत्तांचा भाग एका वर्षात पूर्ण करणारा वेगवान अभ्यासक्रम आधी घ्यावा आणि मग त्याला वयाला साजेशा नियमित वर्गात पाठवावे. सुरुवात त्याच्या मातृभाषेतून करावी, त्या भाषेचा शिक्षक मिळवायला कष्ट पडले तरीही. वय निश्चित करण्यासाठी हाडांचे क्ष-किरण चित्र काढण्याची प्रथा अनेक ठिकाणी आहे. त्यात दोन वर्षांपर्यंतची चूक सहज होऊ शकते, म्हणून शंका असेल तेथे त्याला लहान मानणे हाच सुरक्षित मार्ग आहे. शाळेत पाठवताना मुख्याध्यापक आणि फार तर एक शिक्षक यांनाच त्याची पार्श्वभूमी ठाऊक असावी. संस्थेचे नाव लिहिलेल्या गाडीतून मुलांना शाळेच्या फाटकाशी उतरवणे ही मला अनेकदा आढळलेली, सहज टाळता येणारी चूक आहे.

प्रौढांसाठीच्या व्यवसाय प्रशिक्षणाविषयी माझे मत कडक आहे. शिवणकाम, मेणबत्त्या आणि शोभेच्या वस्तू हे अभ्यासक्रम जगभरच्या संस्थांत दिसतात, कारण ते सुरू करणे सोपे असते आणि त्या वस्तू देणगीदारांना भेट देता येतात. पण त्या कौशल्यावर एका माणसाचे, आणि बहुतेक वेळा त्याच्या मुलांचे, घर चालेल का, हे प्रशिक्षण सुरू करण्याआधी तपासले पाहिजे. तुमच्या परिसरात कोणत्या कामाला माणसे मिळत नाहीत, तेथे मजुरी किती, रात्रपाळी आहे का, मालक कसा आहे, याची चौकशी तुमच्या माणसाने प्रत्यक्ष जाऊन करावी. आणि त्या व्यक्तीला काय करायचे आहे ते विचारावे. यंत्रे दुरुस्त करायला शिकू इच्छिणाऱ्या मुलीला भरतकामाच्या वर्गात बसवण्याचा अधिकार आपल्याला नाही.

शिकण्याच्या काळात कमाई थांबते, हे तुमच्या अंदाजपत्रकात कोठे तरी दिसले पाहिजे. सुटून आलेल्या बहुतेक प्रौढांच्या मागे घर असते, कर्ज असते, आणि तस्कराने जी गरज हेरून त्यांना नेले ती गरज अजून तशीच असते. विद्यावेतन नसेल तर सर्वांत गरजू विद्यार्थी सर्वांत आधी गळतात. पाळणाघर नसेल तर आया गळतात. नव्या संस्था या दोन खर्चांना दुय्यम मानतात, आणि मी त्यांना शिक्षकाच्या पगाराइतकेच मूलभूत मानते.

येथे एका अवघड गोष्टीला हात घालते. अनेक निवारागृहांची दारे सुरक्षिततेच्या नावाखाली बाहेरून बंद असतात आणि मोबाइल काढून घेतले जातात. पाठलाग आणि धमक्यांचा धोका खरा असतो, हे मी नाकारत नाही. लहान मुलांसाठी काही बंधने लागतातच. पण प्रौढ व्यक्तीला कुलूपबंद ठेवून तिच्यावर उपचार करता येत नाहीत आणि तिला शिकवताही येत नाही. धोक्याचे मूल्यमापन प्रत्येक व्यक्तीचे वेगळे, तिच्याशी बोलून आणि दर काही आठवड्यांनी नव्याने करावे. फोन काढून घेण्याऐवजी स्थान कळवणारी सोय कशी बंद करावी, खाते कसे सुरक्षित ठेवावे, अनोळखी नोकरीचा संदेश कसा पारखावा, हे वर्गात शिकवावे; फसव्या नोकरीचे जाळे आता मोठ्या प्रमाणात फोनवरूनच टाकले जाते.

नोंदी ठेवण्याबाबत दोन गोष्टी. वैद्यकीय नोंद, शैक्षणिक नोंद आणि खटल्याची माहिती यांच्या फायली वेगळ्या असाव्यात, आणि शिक्षकाला कोणाच्या एचआयव्ही चाचणीचा निकाल कळण्याचे काहीही कारण नाही. एकत्र असावे ते वेळापत्रक: दवाखान्याच्या तारखा, न्यायालयाच्या तारखा, परीक्षा आणि समुपदेशनाची वेळ. परीक्षेच्या आदल्या दिवशी उलटतपासणी ठेवली गेल्यामुळे वर्ष वाया गेलेले विद्यार्थी मी पाहिले आहेत. तारखा आधी कळल्या तर वकील मुदत मागू शकतो, आणि निदान त्या आठवड्यात शिक्षक तिच्यावर अभ्यासाचा भार टाकत नाही.

देणगीदारांना कहाणी हवी असते, आणि येथे तुमची कसोटी लागेल. जागतिक आरोग्य संघटनेने २००३ मध्ये तस्करीतून गेलेल्या स्त्रियांच्या मुलाखती घेण्याबाबत जी दहा मार्गदर्शक तत्त्वे दिली, त्यांतील पहिलेच तत्त्व अपाय करू नये हे आहे. तुमच्या निवाऱ्यात राहणाऱ्या व्यक्तीने छायाचित्राला होकार दिला तरी तो मोकळा होकार मानता येत नाही, कारण तिचे अंथरूण, औषध आणि वर्ग तुमच्या हातात असतात. चेहरा झाकलेले, पाठमोरे छायाचित्रही ओळखीच्या माणसाला पुरते. देणगीदाराला संस्थेचे काम दाखवावे: किती जणांची दृष्टी तपासली, वर्गातील हजेरी किती टिकली, किती जणांनी उपचार पूर्ण केला, आणि संस्था सोडून दोन वर्षे झाल्यावर किती जण स्वतःच्या निर्णयाने निवडलेल्या ठिकाणी राहून कमावत आहेत.

हा शेवटचा आकडा मिळवण्यासाठी संस्था सोडून गेलेल्यांशी संपर्क ठेवावा लागतो, अर्थात त्यांची तयारी असेल तर आणि त्यांनी सांगितलेल्या मार्गानेच. काहीजण पुन्हा शोषणात सापडतील. अशा वेळी कर्मचाऱ्यांना आपली फसवणूक झाल्यासारखे वाटते, आणि पुन्हा दार ठोठावणाऱ्याला जागा द्यावी की नाही यावर वाद होतो. माझ्या अनुभवात दुसऱ्यांदा किंवा तिसऱ्यांदा आलेली माणसे अनेकदा सर्वाधिक निश्चयाने शिकली. पहिल्या वेळी सोडलेला धडा, थांबवलेली औषधे, न झालेली चाचणी, हे सगळे त्यांच्या लक्षात असते. त्यांच्या फायली बंद करू नयेत, एवढीच व्यवस्था पुरते.

कर्मचाऱ्यांविषयीही बोलणे भाग आहे. रोज हिंसेचे वर्णन ऐकणाऱ्या माणसाची झोप उडते, तो चिडचिडा होतो किंवा त्याला काहीच वाटेनासे होते. प्रत्येक समुपदेशकाकडे किती व्यक्ती असाव्यात याची कमाल मर्यादा ठरवावी आणि महिन्यातून किमान एकदा बाहेरच्या अनुभवी तज्ज्ञाशी बोलण्याची सोय द्यावी. याच्या जोडीला, स्वतः तस्करीतून गेलेल्या व्यक्तींना निर्णयप्रक्रियेत घ्यावे आणि त्यांच्या वेळेचे मानधन द्यावे. युरोपातील सुरक्षा व सहकार्य संघटनेच्या मानवाधिकार कार्यालयाने २०२१ मध्ये अशा अनुभवी व्यक्तींचे आंतरराष्ट्रीय सल्लागार मंडळ नेमले. लहान संस्थेला मंडळ जमणार नाही, पण मानधन देऊन दोन-तीन सल्लागार नेमणे जमेल. वर दिलेल्या सूचनांपैकी दाराजवळची जागा आणि हात वर करून तपासणी थांबवणे या दोन्ही मला अशाच व्यक्तींनी सांगितल्या आहेत.

तेव्हा तुमच्या तीन वर्षांच्या निधीची मांडणी मी अशी सुचवेन. स्वतःचे रुग्णालय उभारू नका. जवळच्या सरकारी किंवा धर्मादाय रुग्णालयाशी लेखी व्यवस्था करा, आणि त्याऐवजी एक पूर्णवेळ परिचारिका, एक समुपदेशक आणि एक शिक्षक पहिल्याच महिन्यात नेमा. या तिघांची बैठक दर आठवड्याला एकाच टेबलावर व्हावी. पहिले तीन महिने शिक्षणाचे तास कमी आणि उपचारांच्या भेटी अधिक असतील, पुढे हे प्रमाण प्रत्येकाच्या गतीने बदलत जाईल, आणि ते कधी बदलायचे हे ठरवताना ती व्यक्ती त्या टेबलाशी बसलेली असेल. चष्मे, दात, विद्यावेतन आणि पाळणाघर यांसाठी पहिल्या वर्षातच रक्कम वेगळी काढा. आणि तिसऱ्या वर्षाच्या निधीतील एक भाग आजच बाजूला ठेवा, कारण तेव्हा पहिल्या वर्षीचे काही विद्यार्थी परीक्षेला बसत असतील आणि क्षयरोगाचा उपचार संपवून आलेला एखादा माणूस विचारत असेल की पुढच्या वर्गात नाव कधी घालायचे.